‘दोन्ही कान निकामी’ असा अहवाल आल्यानंतर : गिरगावातील एका रुग्णाच्या तोल-तपासणीचे प्रकरण

(रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही वैयक्तिक तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

गिरगावातील एका चाळीच्या तळमजल्यावर पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या 56 वर्षांच्या एक बाई एप्रिल महिन्यात आमच्या तोल-तपासणी कक्षात आल्या. सोबत त्यांची सून होती, गळ्यात कॉलर होता आणि हातात जाडजूड फाइल होती. फाइलमध्ये मानेचे एक्स-रे, मेंदूचा एमआरआय, रक्ताच्या तपासण्या आणि सर्वांत वर दुसऱ्या एका ठिकाणी महिनाभरापूर्वी झालेल्या तोलाच्या चाचण्यांचा अहवाल होता. त्या अहवालाच्या शेवटी दोन्ही आंतरकर्णांचे तोलाचे कार्य अत्यंत क्षीण असल्याचे लिहिले होते. घरच्यांनी त्याचा अर्थ ‘दोन्ही कान निकामी झाले, आता हे असेच राहणार’ असा घेतला होता, आणि केंद्र बंद करायचे की सुनेने चालवायचे, इथपर्यंत घरात बोलणी झाली होती.

‘चक्कर’ या एका शब्दात मराठी माणूस निदान चार वेगळ्या गोष्टी सांगतो. भोवतालचे गरगर फिरणे, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, पाय जमिनीवर नीट न टेकल्यासारखे वाटणे आणि नुसते डोके हलके होणे, या सगळ्याला तो चक्करच म्हणतो. म्हणून आम्ही त्यांना हा शब्द बाजूला ठेवून सांगायला सांगितले, तेव्हा हकीकत तीन भागांत उलगडली.

आदल्या वर्षी जुलैमध्ये एका पहाटे कणीक भिजवताना अचानक सगळी खोली फिरू लागली. उलट्या सुरू झाल्या आणि दोन दिवस डोळे उघडवेनात. सलाईन लावले गेले आणि पित्त वाढल्याचे सांगण्यात आले. त्या काळात ऐकू कमी आले नाही, कानात आवाज आला नाही. पुढचे तीन-चार आठवडे त्या भिंतीला धरून चालत होत्या. गणपतीच्या सुमारास ते बरेच ओसरले, पण एक नवीनच प्रकार सुरू झाला : उजव्या कुशीवर वळले, किंवा वरच्या फळीवरचा पिठाचा डबा काढायला मान वर केली, की अर्धा मिनिट जग फिरायचे आणि थांबायचे. तिसरी तक्रार सतत राहिलेली होती. तिन्हीसांजेला जिन्यात दिवा नसेल तर पाय अडखळत, आणि चर्नी रोड स्टेशनच्या गर्दीत झटकन मान वळवली की क्षणभर तोल जाई.

मान वर केल्यावर त्रास होतो एवढ्यावरून नोव्हेंबरमध्ये मानेचा एक्स-रे झाला. त्यात मणक्यांची झीज दिसली, जी या वयात बहुतेकांच्या एक्स-रेमध्ये दिसते. स्पॉन्डिलोसिसचे निदान झाले, कॉलर आला, आणि सिनारिझिन व प्रोक्लोरपेराझिन या चक्कर दाबणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्या पाच महिने चालू होत्या.

अडचण

आमच्यापुढे दोन प्रश्न होते. त्रास नेमका कशाचा आहे, हा पहिला. दुसरा अधिक नाजूक होता : आधीच्या अहवालावर किती विश्वास ठेवायचा?

तो अहवाल कॅलरिक चाचणीवर आधारलेला होता. या चाचणीत कानाच्या नळीत शरीराच्या तापमानापेक्षा गार आणि गरम पाणी किंवा हवा सोडतात. पाणी असेल तर 30 आणि 44 अंश सेल्सिअस, म्हणजे 37 अंशांच्या सात अंश खाली व सात अंश वर. त्यामुळे आंतरकर्णातील आडवी, पुढची व मागची या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांपैकी आडव्या नलिकेतील द्रव हलतो, मेंदूला डोके वळल्याचा भास होतो आणि डोळे एका लयीत झटके देऊ लागतात. रॉबर्ट बाराणी यांनी कानात पाणी घालताना रुग्णांना येणाऱ्या गरगरीचा संबंध पाण्याच्या तापमानाशी जोडला, आणि आंतरकर्णाच्या तोलयंत्रणेवरील कामासाठी त्यांना 1914 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. शंभराहून अधिक वर्षे झाली तरी एका कानाला स्वतंत्रपणे प्रश्न विचारणारी याच्याइतकी चांगली चाचणी दुसरी नाही. मात्र तिचा निकाल ती कशी केली यावर फार अवलंबून असतो.

अहवालातील आकडे, म्हणजे डोळे सरकण्याचा वेग, असे होते : उजव्या कानाचे गरम व गार प्रतिसाद सेकंदाला 2 आणि 1 अंश, डाव्याचे 3 आणि 2. बाराणी सोसायटी या तोलाच्या आजारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निकषांनुसार प्रत्येक कानाची गरम-गार बेरीज सेकंदाला 6 अंशांपेक्षा कमी असेल तर दोन्ही बाजूंच्या दुर्बलतेचा कॅलरिक निकष पूर्ण होतो. इथे बेरजा 3 आणि 5 होत्या. कागदावर निष्कर्ष चूक नव्हता.

पण समोर बसलेली व्यक्ती त्या कागदाशी जुळत नव्हती. दोन्ही कानांची तोलयंत्रणा गेलेल्या माणसाला चालताना समोरचे सगळे हिंदकळताना दिसते, कारण डोके हलताना नजर स्थिर धरणारी यंत्रणाच उरलेली नसते. म्हणून आम्ही विचारले, “ताई, चालता चालता समोरून येणाऱ्या बसचा नंबर वाचता येतो का?” त्या म्हणाल्या, “येतो की. थांबून वाचत बसले तर बस निघून जाईल.” हे उत्तर म्हणजे पुरावा नव्हे, पण आम्हाला थबकवायला ते पुरेसे होते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता अहवाल खरा मानून त्यानुसार पुनर्वसन सुरू करण्याचा : काठी, अंधारात न जाणे, जिने टाळणे, आणि दृष्टी व पायांच्या जाणिवेवर तोल सांभाळायला शिकणे. हा मार्ग सुरक्षित दिसतो, पण निदान चुकीचे असेल तर तो पोटापाण्याचा धंदा करणाऱ्या बाईला विनाकारण घरी बसवतो.

दुसरा होता सगळ्या चाचण्या त्याच दिवशी पुन्हा करण्याचा. कॅलरिक, व्हिडिओ हेड इम्पल्स, व्हेम्प (आवाजाला स्नायूंकडून येणारा प्रतिसाद मोजणारी आंतरकर्णाची चाचणी), फिरत्या खुर्चीची चाचणी, असा पूर्ण संच. कुटुंबाचा कल इकडे होता, सून म्हणाली, “मॅडम, एकदाच काय ते सगळं करून टाका.” पण गोळ्या चालूच होत्या. आधीच्या चाचणीच्या सकाळीही त्या घेतल्या होत्या, असे विचारल्यावर कळले. “रिकाम्या पोटी गोळी घेऊ नका म्हणाले होते, म्हणून चहापोळी खाल्ली, गोळी घेतली आणि गेले. तिथे मला मधे झोपच लागली.” ज्या गोळ्यांचे कामच तोलयंत्रणेचे संकेत दाबण्याचे आहे, त्या पोटात असताना कॅलरिक पुन्हा करणे म्हणजे त्याच चुकीची नक्कल झाली असती.

तिसरा पर्याय टप्प्याटप्प्याने जाण्याचा होता. गोळ्यांचा परिणाम तुलनेने कमी होणाऱ्या चाचण्या आधी करायच्या, जागेवर बरा करता येण्याजोगा आजार आधी शोधायचा, गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद करायच्या, आणि मग प्रश्न उरला तरच कॅलरिक करायची. यात तीन-चार फेऱ्या होणार होत्या, आणि पहाटे चारला उठून पोळ्या लाटणाऱ्या माणसाला प्रत्येक फेरी महागात पडते. तरीही आम्ही हाच मार्ग घेतला.

काय केले

पहिल्या भेटीत श्रवणचाचणी केली. वयानुरूप, दोन्ही कानांत सारखीच, वरच्या पट्टीतील थोडी घट होती, बाकी श्रवण सामान्य होते. कमी-जास्त होणारे श्रवण, कान भरल्यासारखा वाटणे यांपैकी काही नसल्याने मेनिएरच्या आजाराची (गरगरीबरोबर ऐकूही कमी-जास्त येणारा आंतरकर्णाचा आजार) शक्यता मागे पडली. दुर्बिणीने पाहता दोन्ही कानांत, विशेषतः उजव्यात, मळ साठलेला दिसला. आधीची चाचणी हवेने केलेली होती, आणि मळाचा थर आतपर्यंत उष्णता नीट पोहोचू देत नाही. अहवालात मळाचा उल्लेख नव्हता.

त्यानंतर व्हिडिओ हेड इम्पल्स चाचणी केली. हॅल्मॅगी आणि कर्थॉइस यांनी 1988 मध्ये वर्णन केलेल्या तपासणीचे हे कॅमेऱ्याच्या चष्म्यावरचे रूप आहे. रुग्ण भिंतीवरच्या ठिपक्याकडे पाहतो आणि तपासणारा त्याचे डोके अनपेक्षितपणे, छोट्याशा कोनात पण झटक्याने वळवतो. नलिका शाबूत असेल तर डोळे ठिपक्यावरच राहतात. नसेल तर ते डोक्याबरोबर सरकतात आणि मग उडी मारून परत येतात. डोळ्यांची गती भागिले डोक्याची गती हे गुणोत्तर 1 च्या जवळ असावे लागते. डावी आडवी नलिका 0.94 आली. उजवी आडवी 0.66, आणि परतीच्या उड्या स्पष्ट. उजवी पुढची नलिकाही कमी होती, 0.61. उजवी मागची मात्र 0.87.

या चार आकड्यांनी जुलैपासूनची हकीकत जागेवर बसवली. तोलाच्या नसेचे वरचा आणि खालचा असे दोन भाग असतात. वरचा भाग आडव्या व पुढच्या नलिकेचे संकेत नेतो, खालचा मागच्या नलिकेचे. पुढची आणि आडवी दुर्बल, मागची शाबूत, म्हणजे उजव्या बाजूच्या नसेच्या वरच्या भागाला इजा. जुलैमधले ते दोन दिवस पित्ताचे नसून बहुधा तोलाच्या नसेच्या दाहाचे होते. अशा दाहानंतर आंतरकर्णातील कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक जागेवरून सुटून मागच्या नलिकेत शिरतात, हे परिचित आहे, आणि कूस बदलताना होणारी अर्ध्या मिनिटाची गरगर तीच असणार, असा आमचा कयास झाला.

इथे आमच्याकडून एक चूक झाली. स्फटिकांसाठीची डिक्स-हॉलपाइक तपासणी, जी 1952 पासून वापरात आहे आणि जिला एका पलंगापलीकडे काही लागत नाही, ती आम्ही त्या दिवशी केली नाही. तीत मान 45 अंश वळवून डोके पलंगाच्या कडेखाली झुकवावे लागते. गळ्यातला कॉलर पाहून आम्ही अस्थिरोगतज्ज्ञांची परवानगी मागवायचे ठरवले. परवानगी यायला नऊ दिवस गेले. पाचव्या दिवशी फळीवरचा डबा काढताना त्या गरगरून ओट्यावर आदळल्या. मनगट सुजले, हाड मोडले नाही हे नशीब.

दुसऱ्या भेटीत मान मागे न झुकवता कुशीवर आडवे करण्याची पद्धत वापरली. उजव्या बाजूला आडवे केल्यावर चार-पाच सेकंद काहीच नाही. त्यांनी “आज काही होत नाही” असे म्हणायला आणि डोळे फिरायला एकच गाठ पडली. पडद्यावर बुबुळे वरच्या दिशेने झटके देत होती आणि त्याच वेळी त्यांचा वरचा भाग उजव्या कानाकडे वळत होता. सुमारे वीस सेकंदांत वेग वाढून ओसरला. उठून बसवल्यावर झटके उलट दिशेने आले. उशिराने सुरुवात, ठरावीक दिशा, मिनिटाच्या आत शेवट : मागच्या उजव्या नलिकेतील स्फटिकांची ही सही आहे. सुनेला आम्ही पडदा दाखवला. नऊ महिन्यांत पहिल्यांदाच घरातल्या कुणीतरी तो त्रास डोळ्यांनी पाहिला, आणि ती हलक्या आवाजात म्हणाली, “आई, आम्हाला वाटायचं तुम्ही घाबरता म्हणून होतं.”

अस्थिरोगतज्ज्ञांनी मान सावकाश वळवायला हरकत घेतली नव्हती, म्हणून लगेच एप्ली यांची कृती केली. डोके क्रमाक्रमाने चार स्थितींत नेऊन स्फटिक नलिकेबाहेर सरकवले जातात. दहा मिनिटांनी पुन्हा तपासले तेव्हा डोळे शांत होते.

त्याच दिवशी आमच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी मळ काढला आणि गोळ्या टप्प्याने कमी करून बंद करायचे वेळापत्रक दिले. ही गोष्ट रुग्णाने स्वतःहून करू नये. रक्तदाबाची गोळी याच पाकिटात असते आणि ती थांबवायची नसते.

कॅलरिक पुन्हा करायची का?

यावर आमच्यात दोन मते होती. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की हेड इम्पल्समध्ये डावी बाजू उत्तम आली, म्हणजे दोन्ही कान निकामी नाहीत हे सिद्धच झाले. बाईंना पुन्हा गरगर कशाला आणायची? माझे मत वेगळे होते. हेड इम्पल्स वेगवान हालचालीचे उत्तर देते आणि कॅलरिक अतिशय संथ हालचालीचे. एक सामान्य आणि दुसरी बिघडलेली, असे खरोखर घडते. मेनिएरमध्ये तर ते नेहमीचे आहे. त्यामुळे चांगल्या हेड इम्पल्सने जुनी कॅलरिक आपोआप खोटी ठरत नव्हती. शिवाय तो अहवाल फाइलमध्ये सर्वांत वर राहणार होता आणि पुढचा प्रत्येक डॉक्टर तोच आधी वाचणार होता. चाचणी करायचे ठरले.

गोळ्या पूर्ण बंद होऊन आठवडा झाल्यावर त्या आल्या. कानाचे पडदे शाबूत असल्याची खात्री केली, त्यांना झोपवून डोके 30 अंश वर उचलले, म्हणजे आडवी नलिका उभी होते, आणि पाण्याने चाचणी केली. चष्म्यातून प्रकाश आत येत नाही ना, हे आधी तपासले, कारण नजरेला टेकायला ठिपकाभर उजेड मिळाला तरी झटके दबतात. मनही जागे ठेवावे लागते. डुलकी लागलेल्या मेंदूतून प्रतिसाद येत नाही. म्हणून त्यांना चर्चगेटपासून एकेक स्टेशन सांगायला लावले. मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, लोअर परळ. प्रभादेवीला त्या अजून एल्फिन्स्टनच म्हणतात. चौथ्या वेळी गरम पाणी डाव्या कानात गेले तेव्हा वांद्र्याच्या पुढे त्यांना काही आठवेना, त्या पलंगाची कड घट्ट धरून राहिल्या, आणि पडद्यावर झटक्यांची रांग लागली होती.

डाव्या कानाचे प्रतिसाद सेकंदाला 17 आणि 18 अंश, उजव्याचे 8 आणि 7. एकूण 50, फरक 20, म्हणजे उजवी बाजू 40 टक्के दुर्बल. साधारण 25 टक्क्यांपुढचा फरक अर्थपूर्ण धरतात. डावा कान पूर्ण शाबूत होता.

व्हेम्प मात्र आम्ही केली नाही. नसेच्या कोणत्या भागाला इजा आहे याची तिने आणखी एक खातरजमा झाली असती, पण उपचार तेच राहिले असते, आणि ज्या उत्तराने पुढचे पाऊल बदलत नाही त्याचे पैसे रुग्णाने का भरावेत?

निष्पत्ती

कॉलर सुटला. ओट्यासमोरच्या भिंतीवर ‘क’ अक्षराचा कागद चिकटवून त्याकडे पाहत मान डावी-उजवीकडे वळवण्याचा व्यायाम दिवसातून तीनदा, आधी बसून, मग उभ्याने, मग जिन्याच्या पायरीवर, असा दिला. डोके हलवत अक्षरांचा तक्ता वाचायला लावल्यावर पहिल्यांदा त्यांच्या चार ओळी कमी होत होत्या; सहा आठवड्यांनी एकच कमी झाली. हेड इम्पल्सचा उजवा आकडा 0.69 म्हणजे जवळजवळ तसाच राहिला. याने सून काळजीत पडली, म्हणून तिला समजावून सांगावे लागले की नस पूर्ववत झाली नसली तरी मेंदूने उरलेल्या माहितीवर हिशेब नव्याने जुळवला आहे, आणि तोल दाबणाऱ्या गोळ्या पाच महिने चालू असताना हीच जुळवाजुळव अडून राहिली होती.

केंद्र बंद झाले नाही. दिवाळीच्या आधी उजव्या कुशीवरची गरगर एकदा परतली. स्फटिक पुन्हा सुटणे हे या आजारात होतच असते. या वेळी त्या तिसऱ्याच दिवशी आल्या आणि एका कृतीत प्रश्न मिटला.

वेगळे काय करता आले असते

जुलैच्या त्या दोन दिवसांत, सतत गरगर चालू असताना, कुणी डोळ्यांचे झटके आणि हेड इम्पल्स पाहिले असते तर दाहाचे निदान तेव्हाच झाले असते. 2009 मध्ये मांडलेली तीन पायऱ्यांची हिंट्स तपासणी याच वेळेसाठी आहे, आणि प्रशिक्षित हातात ती नसेचा आजार व मेंदूचा पक्षाघात (स्ट्रोक) यांतला फरक सांगते. गरगर थांबल्यावर मात्र ती लागू होत नाही. म्हणून आमच्याकडे ती करण्यात अर्थ नव्हता.

आमच्या बाजूने सर्वांत मोठी चूक त्या नऊ दिवसांची. कुशीवर आडवे करण्याची पद्धत आम्हाला पहिल्या दिवशीही ठाऊक होती. कॉलर पाहून आम्ही मानेच्या निदानाला नकळत मान्यता दिली, आणि त्याची किंमत एका सुजलेल्या मनगटाने चुकवली. आता कॉलर घातलेला रुग्ण आला की तपासणी पुढे ढकलण्याऐवजी पद्धत बदलायची, असे आमच्या कक्षात ठरले आहे.

दुसरी उणीव म्हणजे जुन्या चाचणीचे मूळ आलेख आम्ही फार उशिरा, कॅलरिक पुन्हा झाल्यावर मागवले. ते आले तेव्हा त्यांत पापण्या अर्ध्या मिटलेल्या असल्याच्या खुणा जागोजाग दिसत होत्या. निष्कर्षाचे पान आधीपासून आमच्या हातात होते, त्यामागचे आलेख नव्हते. ते पहिल्याच आठवड्यात मिळाले असते तर कुटुंबाला धीर निदान महिनाभर आधी देता आला असता.

जुना अहवाल त्यांनी फेकलेला नाही, आणि आम्हीही तसे सुचवले नाही. त्यावर आता आमचा अहवाल टाचलेला आहे. आकड्यांच्या आधी त्यात चार ओळी आहेत : गोळ्या बंद करून किती दिवस झाले, कानांत मळ होता की नाही, पाण्याचे तापमान किती होते, आणि चाचणीभर रुग्ण जागी राहून स्टेशनांची नावे सांगत होती.